विसरण

मराठी भाषा बर्फाविषयी फारशा प्रेमाने बोलत नाही. भीतीने रक्त गोठते, शब्द ओठांवर थिजतात, दोन घरांमधले संबंध थंड पडतात. जे जे थांबले, जे जे निश्चेष्ट झाले, त्याच्यासाठी आपण थंडीकडून शब्द उसने आणतो. पाण्याला मात्र आपण जीवन म्हणतो. तेव्हा पाणी गोठले की जीवन थांबले, असा हिशेब आपल्या मनात आपोआप मांडला जातो. हा हिशेब खरा आहे काय, असा प्रश्न आम्हांला पडला तो वडपे येथे. त्यानंतर जे वाचले, जे जाणकारांना विचारले आणि जे मनात घोळत राहिले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

वडपे हे भिवंडी तालुक्यातील गाव मुंबई-नाशिक महामार्गावर आहे. ज्या भूमीत एके काळी पावसाळ्यात भाताची खाचरे डोलत, तेथे आज महामार्गाच्या दुतर्फा गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. जवळच आमणे येथे समृद्धी महामार्ग येऊन मिळतो. त्याचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. मुंबईकरांच्या ताटात आणि कपाटात जे जे येते, त्यांतील कितीतरी वस्तू या पट्ट्यातील एखाद्या छपराखाली मुक्काम करून आलेल्या असतात.

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण येथील एका शीतगृहात पाळीप्रमुख म्हणून काम करतो. वसईहून रोज ये-जा करणे जमेना, म्हणून त्याने जवळच भाड्याचे घर घेतले. एका मे महिन्यात त्या घराला आशीर्वाद देण्यासाठी आम्ही गेलो होतो. आईवडील आले होते, मामा-मामी आले होते, शेजारची दोन बिगरख्रिस्ती कुटुंबेही आदराने येऊन उभी राहिली होती. काका तेवढे नव्हते. ते का नव्हते हे सर्वांनाच ठाऊक होते. वाडीतील सामाईक विहिरीच्या पाण्यावरून दोघा सख्ख्या भावांचे बोलणे तुटून कित्येक वर्षे लोटली होती. जेवणानंतर त्या तरुणाचे वडील आमच्याजवळ येऊन बसले आणि आपण होऊन म्हणाले, "फादर, सगळे नातेवाईक म्हणतात, झालं गेलं विसरून जा. मी काय करू? विसरता येत नाही." त्या वेळी आम्ही काही बोललो नाही. त्यांना उत्तर नको होते, कोणीतरी ऐकायला हवे होते.

सायंकाळी त्या तरुणाने आम्हांला आपले शीतगृह दाखविले. बाहेर वैशाखवणवा पेटलेला, अंगाला घामाच्या धारा. आणि दोन दारे ओलांडून, प्लास्टिकच्या जाड पट्ट्यांचा पडदा बाजूला सारून आत गेलो तर उणे वीस अंश सेल्सिअस! अंगावर घातलेल्या जाड कोटातूनही हाडे कुडकुडू लागली. आत सारे स्तब्ध होते. मंचांवर मंच, त्यांवर खोकी, खोक्यांत मासळी, मटार, आइस्क्रीम. कालाने श्वास रोखून धरावा तसे ते दृश्य होते. पण आमचा हा तरुण मित्र त्या स्तब्धतेवर बिलकूल विश्वास ठेवीत नव्हता. त्याने मटारची एक पिशवी आमच्या हातावर ठेवली. मटार सुटे नव्हते. एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झाला होता आणि पिशवीच्या आतल्या बाजूला पांढराशुभ्र भुगा जमला होता. "फादर, ही पिशवी वाटेत कुठेतरी थोडी गरम झाली आणि पुन्हा गार झाली. एकही दाणा वितळला नाही. माल जागचा हलला नाही, पण आतलं पाणी हललं," तो म्हणाला.

माल हलला नाही, पण पाणी हलले! गोठलेले पाणी, न वितळता, हलते कसे?

प्रथम बर्फाची रचना पाहू. पाण्याचा प्रत्येक रेणू आपल्या चार शेजाऱ्यांशी हात गुंफून उभा असतो. हे हातात हात घालणे म्हणजे शास्त्रज्ञ ज्याला हायड्रोजन बंध म्हणतात ते. या रचनेतून षटकोनी जाळी तयार होते आणि जाळीत पुष्कळ रिकामी जागा राहते. म्हणूनच बर्फ पाण्यापेक्षा हलका. एक घनमीटर पाणी हजार किलो भरते, तर तेवढाच बर्फ ९१७ किलो. बर्फ पाण्यावर तरंगतो याचे कारण त्याच्या पोटातील ही मोकळी जागा होय. ही जागा वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

आता कडेच्या रेणूकडे पाहा. बर्फाच्या पृष्ठभागावर जो उभा आहे, त्याच्या वर कोणीच नाही. त्याच्या चार हातांपैकी तीनच, कधी त्याहूनही कमी, शेजाऱ्यांच्या हातांत आहेत. साहजिकच तो तितका जखडलेला नसतो. तो आपली जागा सोडतो, पृष्ठावरून भटकतो, दुसरीकडे जाऊन बसतो. कधी हात पूर्ण सोडून हवेत वाफ होऊन जातो आणि त्याच वेळी हवेतील दुसरा एखादा रेणू त्याच्या रिकाम्या जागी येऊन बसतो. उणे वीस अंशांच्या त्या खोलीतसुद्धा बर्फाच्या पृष्ठावरील एकेका जागेवर ही देवाणघेवाण एका सेकंदात हजारो वेळा घडत असते. जाणारे आणि येणारे सारखेच असले की आपल्याला काहीच दिसत नाही आणि आपण म्हणतो, बर्फ स्तब्ध आहे. ती स्तब्धता म्हणजे भर बाजारातल्या पुलावरची गर्दी होय. पूल तेवढाच भरलेला दिसतो, माणसे मात्र क्षणोक्षणी बदलत असतात.

जाणारे आणि येणारे सारखे नसले, म्हणजे काय होते हेही त्या तरुणाने दाखविले. छताजवळ गार हवा सोडणारी यंत्रे होती आणि त्यांच्या नळ्यांवर हिमाचा थर चढला होता. खोलीतील सर्वांत थंड जागा तीच. उबदार पृष्ठावरून रेणू अधिक सुटतात, थंड पृष्ठावरून कमी. म्हणून ओलावा नेहमी उबेकडून थंडीकडे निघतो आणि तिथेच अडकतो. दार उघडले की बाहेरची हवा आत घुसते. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात तीस अंश उष्णतामान आणि ऐंशी टक्के आर्द्रता असली, तर एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने असते; उणे वीस अंशांची हवा जेमतेम एक ग्रॅम सांभाळू शकते. उरलेले सारे हिम होऊन नळ्यांवर बसते, थर जाड होतो, थंडी अडते. म्हणून काही तासांनी नळ्या तापवून तो थर वितळवावा लागतो आणि म्हणूनच दार उघडे ठेवणाऱ्या हमालावर पाळीप्रमुख ओरडतो. घराघरांतल्या फ्रीजमध्येही हेच घडते. बर्फाचे खडे बरेच दिवस तसेच ठेवले तर ते वितळल्यावाचून झिजतात आणि नीट न झाकलेली मासळी कोरडी, पांढरट पडते. तिच्यातले पाणी कोणी चोरलेले नसते. ते आपल्या पायांनी चालत गेलेले असते.

मटार एकमेकांना का चिकटले, हे कोडे तर पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या एका थोर माणसाला पडलेले आहे. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करून पुढे विज्ञानात शिरलेला मायकेल फॅरडे. १८५० साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने दाखविले की, बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना नुसते टेकविले तरी सांधले जातात. त्याने अनुमान केले की, बर्फाच्या अंगावर पाण्याची अतिशय पातळ साय असली पाहिजे. दोन तुकडे भेटले की ती साय दोन्ही बाजूंनी कोंडली जाते आणि गोठून सांधा होते. त्या काळच्या अनेक पंडितांना हे पटले नाही. जेम्स थॉमसन यांचे म्हणणे असे की, दाबामुळे बर्फ क्षणभर वितळतो आणि दाब सुटताच पुन्हा गोठतो. वाद पुष्कळ वर्षे चालला. जोरात दाबले तर दाबाने बर्फ वितळतो हे खरेच आहे. पण अलगद टेकविलेल्या तुकड्यांचा सांधा दाबाने समजावता येत नाही. विसाव्या शतकात सूक्ष्म उपकरणे आली, तेव्हा फॅरडेचे अनुमान मुळात योग्य होते हे दिसले. शून्याच्या खाली पुष्कळ अंशांपर्यंत बर्फाच्या पृष्ठावरचे रेणू धड घन नाहीत, धड द्रव नाहीत, अशा मोकळ्या अवस्थेत असतात. शून्याच्या अगदी जवळसुद्धा त्या थराची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपास असते; थंडी वाढेल तसा तो आणखी पातळ होत जातो.

१९६० साली अमेरिकेत किंगरी यांनी बर्फाच्या लहान गोळ्यांचे सांधे मोजले आणि म्हटले, रेणू पृष्ठावरून चालत येऊन सांधा भरतात. १९६४ साली हॉब्ज आणि मेसन यांनी म्हटले, नाही, ते मुख्यतः हवेतून उडत येऊन भरतात. वाट कोणती याविषयी मतभेद; पण कडेचे रेणू हलतात आणि दोन गोळ्यांमधली खाच हळूहळू भरून काढतात, याविषयी मतभेद नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी असेही नाही. आपला गोळेवाला बर्फाचा कीस मुठीत दाबून काडीवर बसवितो, तो कोणता डिंक वापरतो? आपले कोळी बांधव बर्फाच्या लाद्या फोडून तो चुरा होडीच्या खणात मासळीवर पसरतात. बंदराला येईपर्यंत त्या चुऱ्याचा असा खडक होतो की लोखंडी सळईने फोडावा लागतो. सुटे सुटे बर्फ एकत्र ठेवले की जुळते. हा त्याचा स्वभाव आहे.

येथवर कडेची गोष्ट झाली. आतली गोष्ट निराळी आहे.

बर्फाच्या पोटात जो रेणू आहे, त्याचे चारही हात शेजाऱ्यांच्या हातांत आहेत. तो हलणार कसा? मघाशी आम्ही जी रिकामी जागा लक्षात ठेवण्यास सांगितली, ती येथे उपयोगी पडते. क्वचित एखादा रेणू धक्का बसून आपल्या नेमलेल्या आसनावरून उठतो आणि जाळीतील मोकळ्या पोकळीत शिरतो. चर्चमधल्या बाकांची जागा सोडून मधल्या वाटेत येऊन उभा राहिलेला माणूसच जणू. त्या वाटेने तो थोडा पुढे सरकतो आणि मग दुसऱ्या कोणाला उठवून त्याच्या आसनावर बसतो. हे वारंवार घडत नाही. त्यासाठी बंध तोडण्याइतकी ऊर्जा एकवटावी लागते. थंडी दहा अंशांनी वाढली की ही हालचाल सुमारे तीन पटींनी मंदावते.

शिवाय त्याला दिशा नाही. मोत माउलीच्या जत्रेत चुकलेले मूल जसे कधी इकडे, कधी तिकडे, कधी आले त्याच वाटेने मागे जाते, तसा तो भटकतो. अशा भटकंतीचा नियम मोठा मजेदार आहे. दुप्पट अंतर जायला दुप्पट नव्हे, चौपट वेळ लागतो. दसपट अंतराला शंभरपट. उणे दहा अंशांच्या बर्फात एक रेणू वर्षभरात आपल्या मूळ जागेपासून सरासरीने पाव ते अर्धा मिलिमीटर दूर जातो. शंभर वर्षांत तीन-चार मिलिमीटर. हजार वर्षांत सुमारे एक सेंटिमीटर! ख्रिस्ती संवत्सराच्या पहिल्या वर्षी निघालेला रेणू आज बोटाच्या एका पेराइतकेही अंतर धडपणे चाललेला नसेल. तोच रेणू स्थिर पाण्यात असता तर एका वर्षात वीत-दीड वीत गेला असता.

एवढी सूक्ष्म चाल मोजली कशी? सारे रेणू सारखेच. कोण कुठून आला हे कळणार कसे? तेव्हा निसर्गाने एक खूण करून ठेवली आहे. पाण्यातील पाचशे ऑक्सिजन अणूंपैकी एकाच्या आसपास अणू थोडा जड असतो. त्याला ऑक्सिजन-१८ म्हणतात. असे जड पाणी वेगळे काढून नेहमीच्या बर्फावर ठेवले, की कपाळावर राख लावलेली माणसे गर्दीत ओळखू यावीत तसे हे रेणू ओळखू येतात. मग ते किती खोल शिरले हे पाहायचे. पण बर्फ जाड असला तर पाहणाऱ्याचे आयुष्य संपेल. म्हणून शास्त्रज्ञ बर्फाचा अतिशय पातळ थर घेतात. भटकंतीचा तोच नियम येथे उपकारक ठरतो. थर दहापट पातळ केला, तर वेळ शंभरपट कमी लागतो. अमेरिकेच्या कोलोरॅडो विद्यापीठात स्टीव्हन जॉर्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात धातूच्या स्फटिकावर असे पातळ बर्फाचे थर चढवून, उणे शंभर अंशांहूनही अधिक थंडीत, जड पाण्याच्या रेणूंची चाल मोजली. आपल्या देशात आयआयटी मद्रास येथे प्राध्यापक टी. प्रदीप यांच्या प्रयोगशाळेतही पातळ बर्फथरांवर काम चालते. २०१९ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी असे नोंदविले की, पाणी आणि मिथेन यांचा एकत्र गोठविलेला थर निर्वात जागी, उणे २४३ अंशांच्या आसपास पुष्कळ वेळ तसाच ठेवला, तेव्हा पाण्याच्या रेणूंनी मिथेनभोवती पिंजरे रचले. तारे आणि ग्रह यांच्यामधील अवकाशात जशी थंडी असते, तशा थंडीतले हे काम. तेथेही पाण्याचे रेणू स्वस्थ बसत नाहीत, एवढाच त्याचा आमच्या बुद्धीला कळलेला अर्थ.

रेणूंच्या या पसरण्याला, मिसळण्याला मराठी शास्त्रीय परिभाषेत 'विसरण' म्हणतात. शाळेच्या पुस्तकात हा शब्द आपण सर्वांनी वाचलेला आहे. उदबत्तीचा वास खोलीभर पसरतो ते विसरण. 'विसरणे' हे आपले रोजचे क्रियापद विस्मरणातून आले आहे आणि त्याचे मूळ वेगळे. पण कानाला दोन्ही सारखेच ऐकू येतात. या दोन शब्दांचे नाते केवळ कानापुरते नाही, हे कळण्यासाठी आपल्याला गोव्याला जावे लागेल.

गोव्यात वास्को येथे, हेडलँड सडा या समुद्राकाठच्या पठारावर, राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकावरील भारताची 'मैत्री' आणि 'भारती' ही ठाणी या केंद्राच्या देखरेखीखाली चालतात. नारळी-पोफळींच्या त्या प्रदेशात या संस्थेनेही उणे वीस अंशांचे कोठार बांधले आहे. पण त्यात मासळी नाही. त्यात अंटार्क्टिकाहून आणलेले बर्फाचे लांब दंडगोल आहेत. त्यांना हिमगाभे म्हणतात. ध्रुवप्रदेशात दर वर्षी बर्फ पडतो आणि जुन्यावर नवा थर चढतो. थंडीच्या दिवसांतल्या बर्फात जड ऑक्सिजन कमी असतो, उन्हाळ्यातल्या बर्फात थोडा जास्त. त्यामुळे हिमगाभ्यात खाली खाली जावे तसे पृथ्वीचे जुने ऋतू पानापानांनी वाचता येतात. अंटार्क्टिकातील डोम सी येथून युरोपीय शास्त्रज्ञांनी काढलेला हिमगाभा आठ लाख वर्षे मागे गेला. जानेवारी २०२५ मध्ये त्याच परिसरात त्यांनी बारा लाख वर्षांहून जुन्या बर्फापर्यंत पोचल्याचे जाहीर केले. नोहाच्या जलप्रलयाची कथा सांगणाऱ्या मानवजातीला एवढी जुनी वही कोठे सापडली असती!

ही वही टिकली कशी? रेणू आपली जागा सोडीत नाहीत म्हणून. आतल्या बर्फातले विसरण इतके मंद आहे की हजारो वर्षांपूर्वीचा उन्हाळा शेजारच्या हिवाळ्यात पुरता मिसळून जात नाही. मात्र सुरुवातीला, बर्फ अजून भुसभुशीत आणि हवेशीर असतो तोवर, रेणू वाफ होऊन एका थरातून दुसऱ्यात जातात. काही सेंटिमीटरपर्यंतच्या खुणा त्या काळात पुसट होतात, आणि जेथे वर्षाला फारच थोडा बर्फ पडतो तेथे तर एकेका वर्षाचे थर वेगळे ओळखूच येत नाहीत. पुढे वरच्या भाराने बर्फ दडपला जातो, छिद्रे बंद होतात, आणि मग उरलेली आठवण अक्षरशः गोठते. विसरण जिथे जास्त, तिथे बर्फ विसरतो. विसरण जिथे कमी, तिथे तो लक्षात ठेवतो. दोन शब्दांची मुळे निराळी असली, तरी बर्फाने त्यांची गाठ मारून ठेवली आहे.

वाचकहो, हे सारे वाचून झाल्यावर आमच्या मनात जे स्पष्ट झाले, ते थोडक्यात असे. एकाच बर्फाचे दोन गुण आहेत. अंतरंगात तो लक्षात ठेवतो. कडेला तो जुळतो. दोन्ही एकाच वेळी, एकाच थंडीत. फॅरडेचे ते दोन तुकडे सांधले गेले, तेव्हा त्यांच्या पोटातले रेणू जागचे हलले नव्हते. प्रत्येकाने आपापले अंतरंग जसेच्या तसे ठेवले होते. सांधा जोडण्यासाठी कोणालाही आतून वितळावे लागले नाही, काही विसरावे लागले नाही. कडेचे जे थोडेसे, तीनच हात गुंतलेले, एक हात मोकळा असलेले रेणू होते, त्यांनीच ते काम केले. त्यासाठी अट एकच होती. दोन तुकडे एकमेकांना टेकलेले असले पाहिजेत. कितीही कोवळी साय अंगावर असली, तरी तुकडे दोन फळ्यांवर दूर दूर ठेवले तर सांधा होत नाही.

म्हणून, ज्याला विसरता येत नाही त्याला "विसर, विसर" म्हणणे म्हणजे बर्फाच्या गाभ्याला वाहायला सांगणे आहे. तो वाहणार नाही असे नाही. हजार वर्षांत एक सेंटिमीटर वाहील. पण आपल्याजवळ हजार वर्षे नाहीत. क्षमा ही विस्मृती नव्हे, असे आम्ही धर्मशास्त्रात शिकलो होतो. उत्थित ख्रिस्ताच्या हातांवर खिळ्यांचे व्रण राहिले, आणि तेच हात त्याने शिष्यांपुढे धरले. बर्फाने त्या शिकवणीत भर घातली असे नाही. पण ती ज्यांना केवळ शब्द वाटते त्यांच्या हातात ठेवता येईल अशी एक वस्तू दिली.

आवश्यक तिथे विज्ञानाची मर्यादाही सांगितली पाहिजे. माणूस म्हणजे रेणू नव्हे. रेणूला इच्छा नाही, अभिमान नाही, विहिरीवर हक्क नाही. रेणू भटकतो तो उष्णतेच्या धक्क्याने. माणसाने पाऊल टाकायचे तर ते स्वतःच टाकावे लागते, आणि मागे फिरण्याची मोकळीकही त्याला आहे. शिवाय काही तुटलेपण अन्यायाचे असते. तिथे आधी न्याय व्हावा लागतो, नुसते टेकविणे पुरत नाही. हे सारे मान्य करूनही एवढे राहतेच की, अतिशय थंड दिसणाऱ्या वस्तूच्या कडेला हालचाल थांबलेली नसते.

त्या तरुणाच्या वडिलांशी आम्ही या गोष्टी पुढे काही महिन्यांनी बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. फॅरडे कोण, हेही विचारले. मग म्हणाले, "म्हणजे फादर, विसरायची गरज नाही?" आम्ही म्हटले, "नाही." ते बराच वेळ गप्प राहिले. नंतर नातवाचा बाप्तिस्मा ठरला, तेव्हा थोरल्या भावाच्या घरी निमंत्रण पोचविण्याचे काम त्यांनी आमच्यावर सोपवू पाहिले. आम्ही ते घेतले नाही. "तुम्हीच जा, आत जाऊ नका वाटल्यास, ओटीवर ठेवून या," एवढेच सुचविले. ते गेले. ओटीवर कोणी नव्हते. पत्रिका खुर्चीवर ठेवून ते परत आले. बाप्तिस्म्याला थोरले आले नाहीत. मात्र दुसऱ्या दिवशी ती पत्रिका खुर्चीवर नव्हती, असे धाकट्यांनी आम्हांला आपण होऊन सांगितले. म्हणजे दुसऱ्या दिवशीही ते त्या ओटीवरून गेले होते.

हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही दोघाही भावांची अनुमती मागितली. दोघांकडे वेगवेगळ्या दिवशी गेलो. दोघांनीही ती दिली. पण देण्यापूर्वी दोघांनीही आम्हांला एकच प्रश्न विचारला, "त्याने दिली का?"